मुलुंडची झेन, काझाची सकाळ: जुन्या गाडीत कूलंट गोठतं तेव्हा

या एपिसोडचं लिखित रूप बऱ्याच जणांनी मागितलं होतं. त्यातले निम्मे असे, की ऐकता ऐकता घाटकोपर आलं, मेट्रो बदलायची धांदल झाली आणि आकडे हुकले. म्हणून बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं कापलंय आणि आकडे नीट लिहिलेत. बाकी भाषा बोललो तीच ठेवली आहे.

तर विषय आहे गाडीतलं कूलंट गोठणं. आता तुम्ही म्हणाल, मुंबईत? इथे तर जानेवारीत पंधरा अंश झाले की सोसायटीच्या ग्रुपवर स्वेटरचे फोटो येतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ च्या जानेवारीतला. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठेही उभ्या असलेल्या गाडीतलं पाणी आजवर गोठलेलं नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवाचे हिमकण होतात, गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो, पण तो थर टपावरच असतो. इंजिनाच्या पोटातलं पाणी गोठण्याइतकी थंडी तिथेही टिकत नाही.

आणि खरी गडबड इथूनच सुरू होते. कधी गोठतच नाही, म्हणून आपण रेडिएटरमध्ये काय ओततो याकडे आपलं लक्षच नसतं. मग एक दिवस आपण तीच गाडी घेऊन स्पितीला जातो.

गाडी माझ्या मामाची. मारुती झेन, २००४ चं मॉडेल, पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून मामाने ती ठेवलीये, विकायचं नाव काढलं की विषय बदलतो. आम्ही चौघं निघालो: मी मुलुंडचा, एक मित्र बोरिवलीचा, एक अंधेरीचा आणि एक मैत्रीण घाटकोपरची. हिवाळ्यात मनालीकडून कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो आणि मग काझा असा किन्नौरमार्गे रस्ता. निघायच्या आधी टायर बदलले, ब्रेक बघितले, बॅटरी नवीन घातली. रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं तर आत हिरवट पाणी, काठोकाठ. म्हटलं, कूलंट आहे, झालं.

शिमल्याच्या पुढे नारकंड्याला पहिली खूण मिळाली होती, ती आम्हाला वाचता आली नाही. हीटर लावला तर कोमट वारासुद्धा येईना. आम्ही समजलो, जुनी गाडी, हीटरची नळी चोंदली असेल. ब्लँकेट पायावर घेतलं आणि पुढे गेलो. पिओला रात्र काढली, तिथे पारा शून्याच्या जरासाच खाली होता, सकाळी गाडी सुरू झाली. आता कळतं की तिथे थोडक्यात वाचलो होतो.

काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. जानेवारीत रात्री उणे वीस तिथे नवल नाही. आम्ही पोचलो संध्याकाळी, गाडी होमस्टेच्या अंगणात उघड्यावर लावली आणि तंदूरपाशी जाऊन बसलो. हा आपला रोटीचा तंदूर नाही हां, तिकडे खोलीच्या मधोमध जी लोखंडी शेगडी असते तिला तंदूर म्हणतात.

सकाळी साडेआठला चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं आणि त्याचबरोबर बॉनेटखालून एक लांबलचक किंकाळी आली. पट्ट्याचा आवाज. थंडीने पट्टा घसरत असेल म्हणून मी इंजिन चालू ठेवलं, गरम होऊ दे म्हटलं. तीन-चार मिनिटांत टेंपरेचरचा काटा हलला आणि मग थांबायचं नावच घेईना. बाहेर उणे सोळा, हीटरमधून बर्फासारखा वारा आणि काटा लाल रेषेकडे. आमचा अंधेरीवाला मित्र इंजिनीअर आहे, तो म्हणाला सेन्सर गेला. सेन्सर शाबूत होता.

शेजारच्या घरातला एक वयस्क बोलेरोवाला अक्षरशः ओरडत आला. "बंद करो, बंद करो!" मी चावी काढली. त्याने बॉनेट उघडलं, हातमोजा काढून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला चिमटा घेतला. आतून करकर आवाज आला, गोळेवाल्याच्या किसणीतून येतो तसा.

हे उलटं वाटतं ना? थंडीने पाणी गोठलं आणि इंजिन तापलं. पण नीट बघितलं तर उलटं काही नाही. इंजिन आतून रोजच्याइतकंच तापतं, स्फोट तेच, घर्षण तेच. ती उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेण्याचं काम पाणी करतं आणि ते पाणी ढकलण्याचं काम वॉटर पंप. आत बर्फाचा लगदा असेल तर पंपाचं चक्र अडकतं, त्याला फिरवणारा पट्टा घसरून किंचाळतो, पाणी जागचं हलत नाही आणि सिलिंडरभोवतीचं जे थोडं पाणी वितळतं ते तिथल्या तिथे उकळायला लागतं. म्हणजे रेडिएटर गोठलेला आणि हेड तापलेलं. अजून काही मिनिटं गाडी चालू राहिली असती तर हेड वाकडं झालं असतं, गास्केट गेलं असतं. झेनचं हे इंजिन अख्खं अल्युमिनियमचं, ते अशा तापण्याला फार लवकर हार मानतं.

म्हणून पहिली गोष्ट इथेच सांगून टाकतो. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केल्यावर पट्टा किंचाळला, हीटर थंडगार आहे आणि काटा मात्र चढतोय, तर इंजिन ताबडतोब बंद करायचं. "एकदा गरम झालं की वितळेल" हा विचार मनात येतो, माझ्याही आला होता. तो महागात पडतो.

आता थोडं विज्ञान, कंटाळू नका. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र चार अंशांपर्यंत आकसतं आणि तिथून खाली पसरायला लागतं. बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. फ्रीझरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली फुगते ना, तेच. बाटली प्लास्टिकची असते म्हणून फुगते. इंजिनाचा ब्लॉक, हेड, रेडिएटरच्या टाक्या फुगू शकत नाहीत, त्या तडकतात.

कूलंट म्हणजे पाणी, त्यात इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी काही रसायनं. ग्लायकॉल काय करतं हे आपल्या कुल्फीवाल्याला विचारा. तो मटक्यातल्या बर्फात मीठ घालतो. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून त्यात ठेवलेली कुल्फी जमते. पाण्यात दुसरं काही विरघळलेलं असलं की पाण्याच्या कणांना एकमेकांना धरून बर्फ व्हायला अडचण होते. मीठ गाडीत घातलं तर आठवड्यात सगळं गंजेल, म्हणून तिथे ग्लायकॉल. शंभर वर्षांपूर्वी थंड देशांत लोक रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालायचे, ते उडून जायचं, किंवा रोज रात्री पाणी काढून सकाळी पुन्हा भरायचे. ग्लायकॉल १९२० च्या दशकात बाजारात आलं आणि तो रोजचा त्रास संपला.

निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर उणे सोळा-सतराच्या आसपास. वीस टक्के असेल तर उणे आठ-नऊ, आणि दहा टक्के असेल तर फक्त उणे तीन-चार. "मग पूर्ण ग्लायकॉलच घालू की!" असं आमच्या बोरिवलीकराने म्हटलंच. नाही. शुद्ध ग्लायकॉल स्वतः उणे १२-१३ लाच गोठतं, आणि पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाही. दोघांचं मिश्रण दोघांपेक्षा थंडीत जास्त टिकतं. ६० टक्क्यांच्या वर जायची सहसा गरज नसते.

मग आमच्या झेनमध्ये तर हिरवं पाणी होतं, ते का गोठलं? याचं उत्तर काझाला नव्हतं, मुलुंडला होतं. मामाच्या गाडीचा एक होज पाईप जोडाशी किंचित झिरपतो. दर उन्हाळ्यात एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर गेला की मामा डिकीतली पाण्याची बाटली काढून अर्धा लिटर पाणी ओततो. गॅरेजमध्येही "पाणी टाक रे थोडं" हेच. यात कुणाचं वाईट काही नाही, मुंबईत त्याने गाडी चालतेच.

पण हिशोब करून बघा. गाडीत समजा चार लिटर मावतं, निम्मं ग्लायकॉल. अर्धा लिटर मिश्रण झिरपलं, आपण अर्धा लिटर पाणी घातलं. दर वेळी ग्लायकॉल आधीच्या सात अष्टमांश उरतं. पाच वेळा असं केलं की ५० टक्क्यांचे जवळपास २६ होतात. दहा वेळा केलं की १३. रंग मात्र हिरवाच राहतो, जरा फिका होतो इतकंच. १३ टक्क्यांचं पाणी उणे पाचच्या आसपास गोठायला लागतं. पिओला वाचलो आणि काझाला अडकलो ते यामुळे.

यातही आमचं थोडं नशीब होतं. थोडं का होईना, ग्लायकॉल असलं की पाणी एकदम दगड होत नाही. आधी नुसत्या पाण्याचे स्फटिक होतात आणि उरलेल्या द्रवात ग्लायकॉलचं प्रमाण वाढत जातं, म्हणून तो द्रव आणखी खाली जाईपर्यंत पातळ राहतो. जुहू चौपाटीवरचा गोळा आठवा, वर बर्फाचा चुरा आणि तळाशी सरबत. असा लगदा पसरायला जागा शोधू शकतो. निव्वळ पाणी असतं तर उणे वीसच्या रात्री ब्लॉक गेलाच असता.

ब्लॉकचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज. ब्लॉकच्या बाजूला नाण्यासारख्या गोल पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या असतात, वेल्च प्लग. खूप जण सांगतात की पाणी गोठलं तर त्या बाहेर उडतात आणि ब्लॉक वाचतो, त्यासाठीच दिल्यात. मुळात त्या ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला ठेवलेली भोकं बंद करायला असतात. कधी कधी त्या उडून ब्लॉक वाचतो हे खरं, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

आता गाडी गोठली आहे हे कळल्यावर आम्ही काय केलं, म्हणजे त्या बोलेरोवाल्या काकांनी आमच्याकडून काय करून घेतलं. मी किटलीभर उकळतं पाणी आणायला धावलो होतो. त्यांनी हात धरला. गोठलेल्या धातूवर उकळतं पाणी पडलं की एक भाग झटकन पसरतो, शेजारचा पसरत नाही, आणि जे बर्फाने तडकलं नव्हतं ते आपण तडकवतो. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणंही बंद. खाली निखाऱ्याची घमेली ठेवायची आयडिया अंधेरीकराने काढली, कारण डिझेल ट्रकच्या टाकीखाली तसं करतात असं त्याने व्हिडिओत बघितलं होतं. काका म्हणाले, "पेट्रोल है बेटा." विषय संपला.

गाडी ढकलत चार घरं पलीकडच्या एका बंद शेडमध्ये नेली. तिथे तंदूर पेटवला, गाडीपासून लांब, आणि धूर बाहेर जायला त्याचं धुराडं नीट आहे ना ते बघितलं. बंद जागेत शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका, माणूस आत झोपता कामा नये. बॉनेटवर दोन रजया टाकल्या. आणि मग वाट. बर्फ वितळायला अवाढव्य उष्णता लागते आणि शेडमधली हवा काही भट्टी नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी होज पाईप दाबला तेव्हा करकर थांबली होती.

आम्हाला वाटलं सुटलो. काका म्हणाले, आता कळेल. बर्फाने पडलेली चीर त्याच बर्फाने बुजलेली असते, वितळल्याशिवाय गळत नाही. पंधरा मिनिटांनी रेडिएटरच्या खालच्या प्लास्टिकच्या टाकीतून धार लागली. जुन्या रेडिएटरच्या टाक्या तांब्या-पितळेच्या असायच्या, त्यांना डाग देता यायचा. प्लास्टिकचं तसं नसतं, त्यातून वीस वर्षं तापून ते ठिसूळ झालेलं.

ब्लॉक आणि हेड बघायची पद्धतही तिथेच शिकलो. डिपस्टिक काढायची: तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात गेलंय, गाडी सुरू करायची नाही. वेल्च प्लगभोवती, हेडच्या सांध्यावर, वॉटर पंपाखाली ओल आहे का बोट फिरवून बघायचं. नंतर गाडी चालू झाल्यावर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनात, तर गास्केट गेलंय असं समजायचं. थंडीत सुरुवातीची पाच मिनिटं वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, तिला घाबरू नका. आमचं तेल स्वच्छ निघालं. घाटकोपरवाली तेव्हा पहिल्यांदा हसली.

रेडिएटर खालून मागवला, एका ओळखीच्या माणसाने बसमधून पाठवला. तो येईपर्यंत तीन रात्री जास्तीच्या गेल्या. तिथल्या मिस्त्रीने नवीन रेडिएटर लावताना थर्मोस्टॅटची डबी उघडली तर आत थर्मोस्टॅटच नाही! मामाला फोन केला. "अरे हो, दोन वर्षांपूर्वी गाडी गरम होत होती तेव्हा काढून टाकला होता." मुंबईत हा सर्रास उपाय आहे. थर्मोस्टॅट ही एक झडप असते, पाणी ८२-८८ अंशांच्या आसपास तापेपर्यंत ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. अडकली की गाडी तापते, म्हणून मिस्त्री ती काढूनच टाकतात. आपल्या हवेत चालून जातं, पेट्रोल थोडं जास्त जातं इतकंच. पण बाहेर उणे दहा असताना थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कधी नीट गरमच होत नाही. नारकंड्याला हीटर थंड का होता ते तेव्हा उलगडलं. नवीन थर्मोस्टॅट दोन रेडिएटर-क्लिपांच्या किमतीचा नसेल, पण फार महागही नसतो. अडकला तर बदला, काढून टाकू नका.

कूलंट भरतानाची एक युक्ती लिहून ठेवा. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये जुनं पाणी बरंच उरतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर पुन्हा पातळ होतं. म्हणून आधी साफ पाण्याने धुऊन घ्यायचं, मग गाडीत जितकं मावतं त्याच्या निम्मं न मिसळलेलं कूलंट आधी ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. चार लिटरची गाडी असेल तर दोन लिटर. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं, नाहीतर आत हवा अडकते. हे सगळं थंड इंजिनावर सुरू करायचं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका, चेहरा भाजलेली माणसं प्रत्येक गॅरेजवाल्याच्या ओळखीत आहेत.

बाटली घेताना दोन फसगती होतात. एक, कॉन्सन्ट्रेट आणि रेडी-टू-यूज. रेडी-टू-यूजमध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात परत निम्मं पाणी घातलं की मामाच्या झेनची सुरुवात झाली समजा. काही रेडी-टू-यूज बाटल्यांत तर ग्लायकॉल मुळातच कमी असतं, आपल्या हवेला पुरेल इतकंच. बाटलीवर गोठणबिंदू लिहिलाय का ते दुकानात उभं राहून वाचा. लिहिलेलाच नसेल तर पहाडात ती नेऊ नका. दुसरी फसगत रंगाची. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, तो किती उणेपर्यंत चालेल हे त्यावरून काहीच कळत नाही. आणि वेगवेगळ्या जातींची कूलंट एकात एक ओतू नका.

मग आपल्या गाडीत आत्ता काय आहे ते कसं कळणार? रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बिणीसारखी वस्तू असते, काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून गोठणबिंदू वाचायचा. चांगल्या गॅरेजमध्ये असते, ऑनलाइनही मिळते. तेही नसेल तर मी घरी केलेला प्रयोग: गाडीतलं चार चमचे पाणी एका छोट्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, अर्धीच भरून, ती दोन पिशव्यांत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ ला असतो. सकाळी गोळा झाला असेल तर स्पिती कॅन्सल. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि घरात सगळ्यांना सांगा, कारण ते खरोखर विष आहे. मी आईला न सांगता ठेवली होती, त्यानंतर काय झालं हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

विषाचं गंमतीत घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं पिऊ शकतात. मूत्रपिंडं निकामी होतात आणि मांजराला तर अगदी थोडं पुरतं. कुणाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक हॉस्पिटल. जुनं कूलंट सोसायटीच्या गटारात सोडू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. काझालाही आम्ही सांडलेलं सगळं पुसून घेतलं, शेडच्या दारात दोन कुत्री बसलेलीच होती.

ऐकणाऱ्यांपैकी एकाने विचारलं होतं, मी कधीच पहाडात जाणार नाही, मुलुंड ते विक्रोळी इतकीच गाडी चालवतो, मला काय? "पाणीच बरं" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. निव्वळ पाणी उष्णता जास्त चांगली वाहतं, आणि मुंबईत ५० टक्के ग्लायकॉलची गरज नाही, तीसेक टक्के पुष्कळ झालं. पण नुसत्या पाण्यात गंजरोधक नसतो. वर्षभरात ते चहाच्या रंगाचं होतं, आणि सोसायटीच्या बोअरवेलचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतात, किटलीत बसतात तसेच. मग मे महिन्यात कसारा घाटात गाडी गरम होते आणि आपण उन्हाळ्याला शिव्या देतो. गंजरोधकही कायम टिकत नाही, साध्या हिरव्या कूलंटचा दोन-तीन वर्षांत जोर जातो.

आणखी एक प्रश्न इन्स्टावर आला: ऐन काझामध्ये कळलं की आत पाणीच आहे आणि कूलंट मिळत नाहीये, तर? जुन्या ट्रकवाल्यांचा उपाय. रात्री इंजिन जरा निवल्यावर रेडिएटरचा आणि ब्लॉकचा नळ उघडून पाणी पूर्ण काढायचं, स्टिअरिंगला "पाणी नाही" अशी चिठ्ठी बांधायची, सकाळी भरायचं. ब्लॉकचा नळ विसरलात तर अर्ध्या इंजिनात पाणी राहतं. आणि हा एका रात्रीपुरता उपाय आहे, दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं. रॉकेल, दारू, मीठ, यातलं काहीही घालू नका. वायपरच्या टाकीतलं पाणीही गोठतं, ते काढून टाका. हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

अटल टनेल ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून सिस्सू, केलाँगपर्यंत जाणं सोपं झालंय. सकाळी मनालीत चहा आणि दुपारी बर्फात रील. मुंबई-ठाण्याच्या नंबरप्लेटच्या जुन्या गाड्या तिकडे जातात तेव्हा त्यांच्या पोटात काय आहे हे मला आता रस्त्यात थांबवून विचारावंसं वाटतं. कॅनडात राहणारी माझी मावसबहीण सांगते, तिच्याकडे पार्किंगमध्येच प्लग असतो आणि रात्री गाडीच्या इंजिनाला हीटर जोडून ठेवतात. आपल्याकडे प्लग नाही, होज पाईप दाबून बघणारे काका आहेत, तेही नशिबात असले तर.

परत आल्यावर मामाला सगळं सांगितलं. रेडिएटर, कूलंट, मजुरी आणि जादा रात्री मिळून आम्हाला माणशी साडेपाच हजार पडले होते, ते त्याने ऐकून घेतलं. चिडला नाही. बराच वेळ हातात चहाचा कप घेऊन बसला, मग म्हणाला, "दहा वेळा नसेल रे ओतलं मी पाणी." मामी आतून म्हणाली, "वीस वेळा ओतलंय."

शेवटचा प्रश्न, हा सगळ्यात जास्त वेळा आला: मुंबईत परत आल्यावर ते ५०-५० मिश्रण काढून टाकायचं का? नाही, राहू द्या, काही बिघडत नाही. झेनमध्ये अजून तेच आहे. झिरपणारा होज पाईप बदललाय. गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर लावून बघितलं तर उणे ३४ आलं. डिकीत मामाची बाटली अजूनही असते, फक्त आता तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून मामीच्या अक्षरात "मिसळलेलं, पिऊ नये" असं लिहिलंय.